ग्लेनिसला थंडी वाजत नाही

ग्लेनिस हार्टिगन मला पहिल्यांदा दिसली ती आमच्या हेडमास्तरांना भर रस्त्यात अडवताना. जुलैची सकाळ होती, म्हणजे आमच्याकडचा, ऑस्ट्रेलियातला, ऐन हिवाळा. शाळेसमोरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर पोरांना रस्ता ओलांडून देणारी एक बुटकी, रुंद खांद्यांची बाई उभी होती. अंगात पांढरा लांब अंगरखा, हातात 'थांबा' लिहिलेली गोल पाटी, आणि केस ओलेचिंब. हेडमास्तर घाईत होते. पट्ट्यांपर्यंत न जाता ते चार हात अलीकडूनच रस्ता ओलांडायला निघाले होते.

"ओ मास्तर! पट्ट्यांवरून!"

"अगं ग्लेनिस, एकही गाडी नाहीये."

"गाडी नाहीये, पण पोरं बघतायत. चला, मागे व्हा."

हेडमास्तर मागे गेले, पट्ट्यांवर आले आणि तिने पाटी उंचावल्यावर रस्ता ओलांडून आत गेले. पोरांना यात काही नवल वाटलं नाही. मी त्या शाळेत नवीन होते, मला वाटलं. पण त्याहून नवल वाटलं ते तिच्या केसांचं. बोटं आखडावीत असा वारा सुटला होता आणि हिच्या मानेवर पाणी ओघळत होतं.

"केस पुसले नाहीत?" मी विचारलं.

"पुसले की. तुम्ही नवीन मिस ना? चला, पलीकडे सोडते."

तेव्हापासून तिने मला 'मिस'च म्हटलं. मी निवृत्त झाले, आमची एकेरीवरची ओळख झाली, तरी 'मिस' तेवढं राहिलं.

ओल्या केसांचा उलगडा नंतर झाला. आमच्या गावाच्या, पोर्ट केम्बलाच्या, किनाऱ्यावर खडकाला लागून समुद्राच्या पाण्याचा तलाव आहे. ग्लेनिस रोज पहाटे त्यात उतरायची, आणि हिवाळ्यातल्या रविवारी एकटी नाही, सगळ्या क्लबाबरोबर. हे लोक स्वतःला 'कुडकुडे' म्हणवतात. बहुतेक सगळे पोलाद कारखान्यातले निवृत्त लोक आणि त्यांच्या बायका. मे ते सप्टेंबर दर रविवारी, पाणी कितीही गार असो, शिट्टी होईपर्यंत पाण्यात राहायचं. एका हिवाळ्यात चौथा खाडा पडला की भिंतीवरच्या पाटीवरून नाव पुसलं जातं. आणि त्यांचा सगळ्यात कडक नियम असा की 'थंडी वाजते' हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. ज्याच्या तोंडून ते निघतील त्याने त्या दिवशी, पोहून झाल्यावर सगळे गरम सूप घेतात त्याचे कप विसळायचे.

बायकांना घ्यायला या क्लबाला फार वर्षं लागली. घेतलं तेव्हा पहिल्या तिघींत ग्लेनिस होती. पहिल्याच रविवारी पुरुषांनी कपांची रास मुद्दाम बायकांच्या बाजूच्या बाकावर मांडून ठेवली होती. तिघींपैकी एकीच्याही तोंडून ते शब्द निघाले नाहीत, आणि ती रास पुरुषांनाच विसळावी लागली. ग्लेनिसने त्या दिवसापासून एकदाही कप विसळला नाही. क्लबाचा अध्यक्ष नेव्हिल तिला दर वर्षी डिवचायचा.

"ग्लेनिस, ओठ निळे पडलेत गं."

"लिपस्टिक आहे."

"दात वाजतायत."

"तुझं नाव घेतेय मनातल्या मनात."

तिचा नवरा डेस कारखान्यात दगडी कोळसा भाजणाऱ्या कोक भट्टीवर होता. निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी गेला, हृदय बंद पडून. ग्लेनिस स्वतः लग्नाआधी कारखान्याच्या कँटीनमध्ये होती, आणि तिथे सगळ्याजणी ओढायच्या तशी तीही सिगारेट ओढायची. मुलगी झाल्यावर सोडली. मुलगी रॉन्डा आता जवळच डॅप्टोला राहते, वृद्धाश्रमात काम करते. रॉन्डाला आईचं पोहणं कधीच पसंत नव्हतं. ती त्या तलावाला डबकं म्हणते.

ग्लेनिसला खोकला सुरू झाला तेव्हा ती सत्तरीच्या पुढे होती. दोन महिने तिने तो खोकला पट्ट्यांवर उभं राहून काढला. मग एक दिवस खोकताना पाटी हातातून पडली, आणि तिसरीतल्या एका मुलीने ती उचलून तिच्या हातात दिली. त्या आठवड्यात ती डॉक्टरकडे गेली. फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. कशामुळे झाला, सिगारेटमुळे की भट्टीच्या धुरामुळे, हे कुणी विचारलं नाही. आमच्या गावात असलं विचारत नाहीत.

फुप्फुसातल्या गाठीला रेडिएशन दिलं, ती आक्रसली. पण मानेच्या बुडाशी उजव्या बाजूला, गळ्याच्या हाडामागे, वाटाण्याएवढी एक गाठ उरली होती. शस्त्रक्रियेने काढण्यासारखी ती नव्हती. तिच्यासाठी सलाईनमधून एक नवं औषध सुरू केलं. शरीराच्या स्वतःच्या राखणदारांना जागं करणारं औषध, असं डॉ. लुकिनबाईंनी सांगितलं. रॉन्डाला कामाच्या पाळ्यांमुळे दर वेळी सुट्टी मिळत नसे, आणि डॉक्टर काय बोलले ते ग्लेनिसला दाराबाहेर आल्यावर आठवत नसे. म्हणून मी बरोबर जायची.

"हे औषध सगळ्यांना लागू पडत नाही," डॉ. लुकिन म्हणाल्या. "ज्यांना पडतं त्यांना छान पडतं. ज्यांना पडत नाही त्यांचे महिने वाया जातात. म्हणून थोडी सलाईनं झाली की आपण एक स्कॅन काढणार. तुम्हाला शिरेतून साखर देतात, तिच्यात अगदी थोडं किरण सोडणारं द्रव्य असतं. ही गाठ साखरेला हपापलेली असते, त्यामुळे ती चमकते. गाठ लहान मोठी व्हायला वेळ लागतो, पण भूक आधी कमी होते. सुरुवातीच्या स्कॅनपेक्षा चमक मंदावली असेल तर औषध चालणार, हेच पुढे न्यायचं. नसेल तर थांबायचं नाही, दुसरं कडक औषध लगेच."

"म्हणजे आधीच कळणार?"

"बरंचसं."

"हवामान खात्यासारखं."

"त्यांच्यापेक्षा जरा बरं," डॉक्टर म्हणाल्या, आणि ग्लेनिस हसली. त्या हिवाळ्यात ती हसलेली मला आठवते ती ही शेवटची वेळ.

तर सगळं त्या एका चित्रावर येऊन थांबलं होतं. वाटाण्याची भूक कमी झालीय की नाही.

स्कॅन सोमवारी होता. तेव्हा मी मुलाकडे मेलबर्नला होते, त्यामुळे त्या सोमवारचं मी सांगते ते तिच्याकडून आणि रॉन्डाकडून ऐकलेलं. दवाखान्यातून फोनवर सूचना आल्या होत्या. रात्रीपासून काही खायचं नाही, साध्या पाण्याखेरीज काही प्यायचं नाही. आदल्या दिवसापासून व्यायाम करायचा नाही. अंग उबदार ठेवायचं. ग्लेनिसने सगळ्याला हो म्हटलं.

रविवारी समुद्र खवळला. लाटा तलावाच्या कठड्यावरून आत येत होत्या. असं झालं की कुडकुड्यांचं पोहणं सोमवारी पहाटे होतं. ग्लेनिसचे तोवर तीन खाडे झाले होते, तिन्ही उपचारांमुळे. चौथा झाला की नाव जाणार. सोमवारी उजाडता उजाडता ती तलावावर हजर झाली. शिट्टी होईपर्यंत गळ्याएवढ्या पाण्यात उभी राहिली. पोहली नाही. व्यायाम करायचा नाही म्हणून मुद्दाम हातपाय हलवले नाहीत. बाहेर आल्यावर सगळ्यांनी गरम सूप घेतलं, तिने घेतलं नाही, कारण उपाशी राहायला सांगितलं होतं. ती सूचना तिने तंतोतंत पाळली. मग ओल्या केसांनी, रिकाम्या पोटी, आगगाडीने वुलनगाँगच्या मोठ्या दवाखान्यात गेली.

तिथे नर्सने विचारलं, "ग्लेनिस, थंडी वाजतेय का? ब्लँकेट देऊ?"

"मला? छे."

"नक्की?"

"बाई, मला थंडी वाजत नाही."

तिने हे खोटं म्हणून सांगितलं नाही. इतकी वर्षं त्या प्रश्नाला तिच्या तोंडी दुसरं उत्तरच नव्हतं. नर्सने साखर टोचली आणि तिला अंधाऱ्या खोलीत न बोलता पडून राहायला सांगितलं. नंतर ग्लेनिस मला म्हणाली की न बोलणंच सगळ्यात जड गेलं.

शुक्रवारी निकालाला मी बरोबर होते. डॉ. लुकिन रजेवर होत्या. एक तरुण डॉक्टर होता, सभ्य, थकलेला. त्याने पडदा आमच्याकडे वळवला. करड्या रंगात माणसाची आकृती होती, आणि तिच्या गळ्याभोवती दोन्ही बाजूंनी, खांद्यांपर्यंत, लख्ख उजेड होता. कुणी मफलर गुंडाळावा तसा.

"गळ्यात बऱ्याच नव्या जागा चमकतायत," तो म्हणाला. "पसरलं असण्याची शक्यता आहे. मी नक्की म्हणत नाही. डॉ. लुकिन आल्या की बघतील."

"बरं," ग्लेनिस म्हणाली.

"काही विचारायचंय?"

तिने जरा विचार केला. "पार्किंगचं तिकीट खाली दाखवायचं की फाटकाशी?"

"फाटकाशी," तो म्हणाला.

गाडीत तिने पिशवीतून सँडविच काढलं, घरून करून आणलेलं, बीट आणि चीजचं. अर्धं मला दिलं. आम्ही पार्किंगमध्ये बसून ते खाल्लं. तिने सगळं खाल्लं, कागदाची घडी केली आणि म्हणाली, "मीठ कमी पडलं."

सबंध रस्ताभर एवढंच.

सोमवारी ती कामावर आली. मी शाळेत पोरांचं वाचन घ्यायला आठवड्यातून एकदा जाते, म्हणून मी ते पाहिलं. तिने पाटी उंचावली, पोरांचा घोळका ओलांडून गेला, शेवटचा मुलगा फाटकातून आत गेला. पाटी वरच. एक गाडी थांबली, तिच्यामागे दुसरी, मग कारखान्याचा ट्रक. रस्ता रिकामा होता, आणि ग्लेनिस त्याच्या मधोमध पाटी धरून उभी होती, समोरच्या कुंपणाकडे बघत. कुणी हॉर्न वाजवला नाही. ट्रकवाल्याने इंजिन बंद केलं. शेवटी मी जाऊन तिच्या कोपराला हात लावला.

"ग्लेनिस. झाले सगळे पलीकडे."

"हो का," ती म्हणाली आणि पाटी खाली केली.

त्या दिवसांत ती रडली नाही, चिडली नाही. मी संध्याकाळी तिच्याकडे जायची, ती टीव्हीवर पाककृती बघत बसलेली असायची. मी काही विचारलं की उत्तर द्यायची, बरोबर उत्तर द्यायची, फक्त ते जरा उशिरा यायचं. मृत्यूबद्दल बोलावं का, असं मला वाटायचं. ती म्हणायची, "बघ, केवढं लोणी घातलंय."

डॉ. लुकिन परत आल्या आणि त्यांनी लगेच बोलावलं. या वेळी रॉन्डाही आली. पडद्यावर तोच उजेड होता. डॉक्टरांनी पेनाचं टोक डावीकडे नेलं, मग उजवीकडे.

"हे दोन्ही बाजूंना सारखं आहे. रोग सहसा इतका टापटिपीने पसरत नाही. ग्लेनिस, त्या दिवशी तुम्हाला थंडी वाजत होती का?"

"नाही."

"सकाळी घरातून निघताना? गाडीत?"

"अजिबात नाही."

"विचारते यासाठी, की आपल्या मानेत अंगाला ऊब देणारी एक चरबी असते. थंडी वाजली की ती भराभर साखर जाळायला लागते आणि स्कॅनमध्ये अशीच चमकते. पण तुम्हाला थंडी वाजत नव्हती म्हणता..."

"आई," रॉन्डा म्हणाली. तिचा आवाज इतका सपाट होता की आम्ही तिघीही तिच्याकडे वळलो. "त्या सोमवारी संध्याकाळी मी तुझ्याकडे डबा घेऊन आले होते. दोरीवर तुझा पोहायचा पोशाख होता. ओला."

ग्लेनिसने मांडीवरच्या पिशवीचा बंद नीट केला.

"तू स्कॅनच्या दिवशी डबक्यात गेली होतीस?"

"पोहले नाही. नुसती उभी होते."

"जुलैत! समुद्रात! नुसती उभी!"

"व्यायाम नको म्हणाले होते, तर मी हातसुद्धा हलवला नाही," ग्लेनिस म्हणाली. तिला खरोखरच वाटत होतं की हा तिच्या बाजूचा मुद्दा आहे.

डॉ. लुकिन यांनी पेन खाली ठेवलं. त्या रागावल्या नाहीत. खुर्ची पुढे ओढून त्यांनी पुन्हा विचारलं, अगदी हळू. "ग्लेनिस, थंडी वाजत होती?"

ग्लेनिस स्वतःच्या बुटांकडे बघत होती.

"हो," ती म्हणाली. "वाजत होती. नखशिखान्त वाजत होती."

रॉन्डाने तोंडावर हात ठेवला. ती मला नंतर म्हणाली, "सगळ्या आयुष्यात आईच्या तोंडून मी हे पहिल्यांदा ऐकलं."

"ठीक," डॉक्टर म्हणाल्या. "मग हा मफलर बहुतेक थंडीचा आहे. पण एक समजून घ्या. आपल्याला बघायची होती ती गाठ नेमकी या मफलरच्या खाली आहे. तिची चमक मंदावलीय की वाढलीय हे मला या उजेडात वाचता येत नाही. मफलर उतरल्याशिवाय काही सांगता येणार नाही. पुन्हा स्कॅन काढू. आणि या वेळी अंग गरम ठेवून यायचं."

बातमी रविवारच्या आत क्लबात पोचली. कशी ते मला माहीत नाही, पण पोर्ट केम्बलात कुणाच्या घरी नळ गळला तरी दुपारपर्यंत तीन माणसं पाना घेऊन येतात. रविवारी ग्लेनिस तलावावर गेली आणि पाण्यात उतरून, शिट्टी होईपर्यंत राहून बाहेर आली. नेव्हिल टॉवेल गुंडाळूनच बाकावर चढला.

"मंडळी! आपल्या ग्लेनिसच्या गळ्यात जे चमकत होतं, तो रोग नव्हता. आपला समुद्र होता!"

एकच आरडाओरडा झाला. कुणी तिच्या पाठीवर थाप मारली, कुणी केक आणला होता.

"आणि," नेव्हिलने हात वर केला, "विश्वसनीय सूत्रांकडून कळतं, की डॉक्टरसमोर ती 'ते' दोन शब्द बोलली आहे. काय ग्लेनिस?"

"बोलले."

"मग? नियम म्हणजे नियम!"

हशा पिकला. सगळ्यांनी आपापले कप तिच्यासमोर आणून मांडले. ग्लेनिस ते उचलून मोरीपाशी गेली. मी पुसायला फडका घेतला, पण दिम्चे आधीच तिथे उभा होता. दिम्चे डेसबरोबर कोक भट्टीवर होता, कमी बोलणारा, मूळचा मॅसिडोनियाचा. तो पुसू लागला, मी कप रचू लागले.

"ती वाटाण्याएवढी गाठ," दिम्चे थोड्या वेळाने म्हणाला. "तीही समुद्रच होती का?"

"माहीत नाही. दिसली नाही."

"मग हे कशाला ओरडतायत?"

"ओरडू दे," ग्लेनिस म्हणाली. "त्यांना थंडी वाजतेय."

ती एकच कप पुन्हा पुन्हा विसळत होती. दिम्चेने तो तिच्या हातातून काढून घेतला.

दुसरा स्कॅन पुन्हा सोमवारीच मिळाला. डॉक्टरांनी आदला सबंध दिवस घरात, उबेत काढायला सांगितला होता. म्हणजे रविवार जाणार होता, आणि तो चौथा खाडा होता. नेव्हिल शनिवारी तिच्या घरी आला. तोंडाळ माणूस, पण त्या दिवशी टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला.

"अगं, मी हजेरी मांडतो. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय."

"बरं, बादलीत समुद्राचं पाणी आणतो. एक बोट बुडव. नियमात 'किती' लिहिलेलं नाहीये."

"नेव्हिल, खाडा तो खाडा. जा घरी. आणि टोपी घाल, डोकं गार पडेल."

रविवारी ती रॉन्डाकडे डॅप्टोला राहिली. दोन स्वेटर, लोकरी मोजे, विजेची गादी. सोमवारी मी दोघींना न्यायला गेले तेव्हा रॉन्डाने माझ्या गाडीचा हीटर पूर्ण चालू करायला लावला. वुलनगाँगपर्यंत आम्ही तिघी लालबुंद झालो होतो. काच खाली करू का असं मी विचारलं, तर रॉन्डा म्हणाली, "हात लावून बघा काचेला."

दवाखान्यात तीच नर्स होती. "थंडी वाजतेय का?"

ग्लेनिसच्या कपाळावर घाम होता. तिने रॉन्डाकडे बघितलं. "थोडी," ती म्हणाली.

नर्सने मानेतली ती चरबी शांत ठेवणारी एक गोळी दिली, वर दोन ब्लँकेटं घातली.

निकालाच्या दिवशी पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी होती. एक औषध सुरू व्हायच्या आधीचं, एक आताचं. आताच्या चित्रात मफलर नव्हता. मान करडी, स्वच्छ होती. उजव्या बाजूला, गळ्याच्या हाडामागे, फक्त एक दाणा. तो काय सांगतो हे मला डॉक्टरांनी बोलायच्या आधीच कळलं. आयुष्यभर पोरांच्या वह्या तपासलेल्या माणसाला दोन चित्रांतला फरक दिसतो. आताचा दाणा जास्त लख्ख होता.

"औषध लागू पडत नाहीये," डॉ. लुकिन म्हणाल्या.

"पण थंडीमुळे होतं म्हणालात!" रॉन्डा म्हणाली.

"मफलर थंडीचा होता. हा दाणा थंडीचा नाही."

"मोठा तर झालेला नाहीये ना? आहे तेवढाच दिसतोय."

"आहे तेवढाच आहे. भूक वाढलीय. आकार वाढेपर्यंत थांबलो असतो, तर हे आपल्याला खूप उशिरा कळलं असतं. आता कळलंय. हे औषध बंद करू, दुसरं सुरू करू."

"आणि मधे गेलेले दिवस?" रॉन्डाने विचारलं. "ते पहिल्याच वेळी नीट दिसलं असतं तर?"

डॉक्टरांनी दोन्ही चित्रं पुन्हा पाहिली. "फार फरक पडला नसावा. पण मी खात्रीने सांगू शकत नाही. खोटं सांगणार नाही."

"बरं," ग्लेनिस म्हणाली. "दुसरं कधी सुरू?"

बाहेर व्हरांड्यात रॉन्डा भिंतीला टेकून उभी राहिली. "त्या डबक्यासाठी," ती म्हणाली. "त्या भिकारड्या डबक्यासाठी, आई."

"हो," ग्लेनिस म्हणाली.

तिने वाद घालावा असं रॉन्डाला हवं होतं. मीही त्याची वाट बघत होते. ग्लेनिस नुसती उभी होती. मग तिने रॉन्डाच्या हातातली माझ्या गाडीची किल्ली घेतली, माझ्याकडे दिली, आणि आम्ही लिफ्टकडे गेलो.

क्लबाला सांगायला ती स्वतः गेली. बाकावर चढली नाही. सूप चालू असताना सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "गाठ समुद्र नव्हती. औषध बदलतायत. आणि नेव्हिल, पाटीवर माझं नाव अजून आहे." नेव्हिल म्हणाला रंग संपलाय, पुढच्या आठवड्यात बघू. ती तिथेच उभी राहिली. शेवटी दिम्चेने कपाटातून डबा आणि ब्रश काढून नेव्हिलच्या हातात दिला. नेव्हिलने नावावर पांढऱ्या रंगाचा हात मारला, फार सावकाश. ग्लेनिस मला म्हणाली, "जरा वाकडं मारलंय ना?" मी म्हटलं, जरासं.

या गोष्टीला आता दीड वर्ष होत आलं. दुसरं औषध कडक होतं. तिचे केस गेले आणि पुन्हा आले, आधीपेक्षा कुरळे. शाळेसमोर आता एक तरुण मुलगा उभा असतो, तो मोबाईल बघतो, पण पोरांवर लक्षही ठेवतो. औषध सुरू झाल्यावर थोड्याच सलाईनांनी पुन्हा चित्र काढलं, दाणा मंदावला होता. नंतरच्या चित्रातही तो मंदच होता. विझलेला नाही. डॉ. लुकिन 'चाललंय' म्हणतात, 'बरं झालंय' म्हणत नाहीत, आणि ग्लेनिस त्यांना ते विचारत नाही. मी एकदा तिला विचारलं, त्या चित्रांची भीती वाटते का.

"आधी वाटायची, बहुतेक," ती म्हणाली. "आता मी ब्लँकेट मागून घेते."

पोर्ट केम्बलाचं घर भाड्याने दिलंय. ती रॉन्डाकडे डॅप्टोला मागच्या खोलीत राहते. दोघींची भांडणं आता टीव्हीच्या आवाजावरून होतात. औषधाने तिच्या बोटांची टोकं बधिर झाली आहेत, शर्टाची बटणं लावता येत नाहीत. रॉन्डाची कामाची पाळी पहाटेची असते. ती कामाला निघण्याआधी आईची बटणं लावून जाते, म्हणून ग्लेनिस उजाडायच्या आत, पूर्वी तलावावर निघायची त्याच वेळी, कपडे करून तयार असते.